हयातीचा दाखला

पेटीवर तारीख होती, अक्षांश-रेखांश,
आणि बोटीवरच्या कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलेलं:
खोली साडेतीन हजार मीटर, जाळं फाटलं.
अरबी समुद्राच्या पार, कार्ल्सबर्ग कण्यावरून खरवडलेला दगड
गणेशखिंडीतल्या आमच्या तळघरात आला
तेव्हा नारळाएवढा होता.
हिरवट काळा, हाताला साबणासारखा.

आतारकाकांनी तो तळहातावर जोखला.
"हा आपला नव्हे."

आपला म्हणजे बसाल्ट.
वेताळ टेकडीच्या खाणीतला, पर्वतीच्या पायरीतला,
माझ्या आईच्या पाट्यातला, दर दिवाळीआधी टाकी लावलेला.
अख्खं पुणं बसलंय ते वितळून वर आलेल्यावर.
वितळायचं राहिलं, खालीच थांबलं,
त्याची या गावाला ओळख नाही.

करवत, पाणी.
मग काचेवर कार्बोरंडमची पूड,
रव्यासारखी, मग मैद्यासारखी,
आणि काकांची दोन बोटं इंग्रजी आठ काढत.
पहिली चकती गेली.
ऑलिविन कडक, त्याच्या भेगांतला सर्पेंटाइन मऊ:
"एका अंगात दोन स्वभाव, जपून घ्यायला लागतंय."
दुसरी त्यांनी कानानं घासली.
आवाज बदलला की उचलायची, भिंगाखाली धरायची,
एन्स्टटाइटवरचा पिवळा उतरून राखाडी आला की बस.
तीस मायक्रॉन.
दगडातून पलीकडची खिडकी दिसते.

मी भिंगाला डोळा लावला.

समुद्र मधोमध उसवतो, तिथे हा वर सरकत होता,
नखं वाढतात त्या गतीनं.
आच कुणी वाढवली नव्हती,
डोक्यावरचं ओझं तेवढं हलकं होत गेलं,
आणि घामासारखा रस सुटला.
रस वर गेला, गोठला, समुद्राची जमीन झाला.
हा मागे राहिला.
डायॉपसाइड जवळजवळ संपलेलं, दोन-तीन शितं शिल्लक.
स्पिनेल तपकिरी, लालसर नाही;
म्हणजे फार नाही गेलं. शंभरातलं दहा, मी वहीत लिहिलं,
आणि पुढे प्रश्नचिन्ह.
एका कोपऱ्यात फेल्डस्पारची पांढुरकी शीर:
निघालेला रस, वाटेतच थंडी वाजून थिजलेला.

समुद्र सावकाश उघडतो तिथे
झाकायलाही पुरेसा लाव्हा निघत नाही.
तळच कलतो, खचतो, आणि आतलं उघड्यावर येतं.
मग पाणी शिरतं. दगड फुगतो, जाळीदार होतो, हिरवा पडतो.
उरलेला भाऊबंद खालून पाटाला चिकटत राहतो,
निवत, जाड होत, वर्षागणिक जड.

हे सगळं, काय नाही यावरून.

नोव्हेंबर होता. काका निवृत्त होऊन चार वर्षं झाली,
पण अशी चकती दुसऱ्या कुणाला जमत नाही, म्हणून बोलावतो.
दुपारी ते औंधच्या बँकेत गेले,
जिवंत आहोत हे सांगायला.
यंत्रानं अंगठा घेतला नाही.
उजवा, डावा, पुसून, ओला करून, तेल लावून.
मुलगी म्हणाली, काका, रेघाच नाहीत हो.
एकतीस वर्षं काचेवर दगडाबरोबर
तेही झिजत होते, थोडे थोडे,
आणि ती पूड आम्ही दर शनिवारी धुऊन टाकत होतो.

मला आपलं वाटलं, कपाटातल्या चार हजार काचपट्ट्या
उचलून न्याव्यात त्या काउंटरवर.
नेल्या नाहीत. कोण नेतं.

साडेचारला परत आले. हातात कागद.
"झालं?"
"डोळा घेतला शेवटी. डोळा चालला."
टोपी काढून खुंटीला लावली,
स्टूल ओढलं, भिंगावर वाकले,
काचपट्टी स्वतःच फिरवत राहिले बराच वेळ.
रंग बदलत होते, निळा, जांभळा, मग अंधार, पुन्हा निळा.

"तिसरी लावू का?" म्हणाले.
"या कडेचं अजून बघितलं नाही आपण."